पाठीवरचें मूल : युद्धोत्तर जपानांतील माता



आजच्या विषयाचें नांव ऐकून, जपानांतील आयाबायांच्या संसाराशीं आपला संबंध काय, असें एखादा श्रोता मनाशीं म्हणेल. संबंध आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. १९१५ सालीं मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षस्थानावरून धोंडो केशव कर्वे यांनीं स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची योजना मांडली, आणि पुढल्याच वर्षीं तें विद्यापीठ पुण्यास निघालें. टोकियो येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारें एक छोटेंखानी पुस्तक अण्णांच्या हातीं पडलें होतें. त्या वाचनांतून ही योजना आकारास आली. तें विद्यापीठ नारुसे जिंझो यांनीं १९०१ सालीं स्थापिलें होतें. हिंगण्याच्या माळावर विधवांच्या शिक्षणाची चिंता वाहणाऱ्या माणसाला दिवा दिसला तो असा पूर्वेकडे.

मात्र त्या दिव्याखालचा अंधारहि पाहिला पाहिजे. ज्या देशांतून आपण ही कल्पना उचलली, त्या देशांतील त्या संस्थेला सरकारदरबारीं विद्यापीठाचा दर्जा १९४८ पर्यंत मिळालाच नव्हता. १८९८ च्या जपानी दिवाणी कायद्यानें कुटुंबप्रमुखाच्या हातीं सारी सत्ता दिली होती. पतीच्या संमतीवांचून पत्नीला मालमत्तेचा कोणताहि महत्त्वाचा व्यवहार करतां येत नसे. मुलांवरील अधिकार बापाचा. आणि घटस्फोट झाला तर बाई माहेरीं जाई व मूल बहुधा सासरच्या घरांत राही. व्यभिचाराची शिक्षा विवाहित स्त्रीला होई, विवाहित पुरुषाला होत नसे. 'सुशील पत्नी आणि सुज्ञ माता' हा शाळाशाळांतून घोकविला जाणारा आदर्श होता. युद्ध पेटल्यावर या आदर्शाचें रूपांतर सरकारी मागणींत झालें. १९४१ सालीं लोकसंख्येविषयीं जें धोरण ठरलें, त्यांत दर जोडप्यानें सरासरी पांच मुलें द्यावींत आणि १९६० सालापर्यंत देशाची लोकसंख्या दहा कोटींवर न्यावी, अशी आंखणी होती. मूल आईचें असलें तरी हिशेब लष्कराचा होता.

या हिशेबांतूनच एक लहानशी वही जन्माला आली. १९४२ सालीं सरकारनें गर्भवती स्त्रियांना नांवनोंदणी करावयास लावून हातीं एक पुस्तिका देण्यास प्रारंभ केला. ती दाखविली म्हणजे साखर, कापूस, तांदूळ अशा दुर्मिळ वस्तूंचा थोडासा जादा शिधा मिळे. तोफेच्या तोंडीं देण्यासाठीं निरोगी मुलें हवींत, हा त्यामागील हेतु कोणी लपविलाहि नव्हता. ही वही आपण ध्यानांत ठेवूं. पुढें तिची पुन्हां गांठ पडणार आहे.

१९४५ च्या ऑगस्टांत युद्ध संपलें. शहरें जळून राख झालीं होतीं, लक्षावधि पुरुष परतले नव्हते, आणि त्या वर्षींचें भाताचें पीकहि बुडालें होतें. मोठ्या माणसाला दिवसाकांठीं सुमारें ३०० ग्रॅम धान्य असें शिध्याचें प्रमाण होतें. पण तेंहि वेळेवर मिळत नसे, आणि मिळे त्यांत तांदुळाच्या जागीं रताळीं वा कोंडा असे. त्या दिवसांना जपानी लोकांनीं एक समर्पक नांव दिलें : 'बांबूच्या कोंबाचें जिणें'. बांबूच्या कोंबाचीं सालें एकावर एक असतात. तीं एकेक करून सोलावीं तसा घरांतील ट्रंकेमधला एकेक किमोनो बाहेर निघे आणि खेड्यांतील शेतकऱ्याच्या घरीं जाऊन तांदूळ-रताळीं होऊन परत येई. हे किमोनो बहुधा लग्नांतले असत. गच्च भरलेल्या आगगाडीनें खेड्याकडे जावें, पोतें बांधून आणावें, आणि स्टेशनावर पोलिसांनीं धरलें तर रिकाम्या हातांनीं घरीं यावें, असा हा क्रम होता. त्यांत पुरुषांपेक्षां बायका अधिक. आणि त्यांतल्या कितीएकींच्या पाठीला मूल बांधलेलें असे.

कायद्यानें चालावें तर जगतां येत नाहीं, हें एका न्यायाधीशानेंच सिद्ध करून दाखविलें. टोकियोच्या न्यायालयांतील यामागुचि योशितादा हे काळ्या बाजाराचे खटले चालवीत. ज्या गुन्ह्यासाठीं आपण लोकांना शिक्षा देतों तो आपण करावयाचा नाहीं, असा निश्चय करून त्यांनीं केवळ शिध्यावर राहावयाचें ठरविलें, त्यांतलाहि मोठा भाग दोन लहान मुलांना दिला, आणि १९४७ च्या ऑक्टोबरांत ते अन्नावांचून खंगून मरण पावले. त्यांच्या सत्यनिष्ठेपुढें मान लवते. परंतु पोरांसाठीं पोतें घेऊन चोरट्या बाजारांतून येणाऱ्या बाईला गुन्हेगार म्हणावयास मात्र माझी जीभ रेटत नाहीं.

ज्यांना पोतें आणणारी आईच उरली नव्हती, अशा मुलांची गणती १९४८ च्या फेब्रुवारींत सरकारनें केली. आकडा निघाला १,२३,५११. टोकियोच्या उएनो स्टेशनाखालील भुयारी वाटेंत हीं मुलें रात्रीं निजत, दिवसा जोड्यांना पॉलिश करीत किंवा चोऱ्या करीत. याच सालीं मित्सुबिशि उद्योगसमूहाच्या संस्थापकाची नात सावादा मिकि यांनीं ओइसो येथें एक अनाथगृह उघडलें. परदेशी सैनिक आणि जपानी स्त्रिया यांच्या संबंधांतून झालेलीं, दोन्हीं बाजूंनीं टाकलेलीं मुलें तेथें वाढूं लागलीं. या उएनोची आणखी एक आठवण भारताशीं निगडित आहे. तेथील प्राणिसंग्रहालयांतले हत्ती १९४३ सालीं, बाँबहल्ल्यांत सुटले तर अनर्थ होईल या भीतीनें, उपाशी ठेवून मारण्यांत आले होते. टोकियोच्या मुलांनीं शेंकडों पत्रें लिहून पंडित नेहरूंकडे हत्ती मागितला. आणि १९४९ च्या सप्टेंबरांत इंदिरा नांवाची हत्तीण तेथें पोंचली. त्या हत्तिणीला पाहावयास लोटलेल्या गर्दींत मुलें होतींच, पण मुलांचा हात धरून आलेल्या आयाहि होत्या.

आतां कायद्याची गोष्ट. १९४५ च्या डिसेंबरांत स्त्रियांना मताधिकार मिळाला, आणि १० एप्रिल १९४६ रोजीं झालेल्या निवडणुकींत सुमारें एक कोटि अडतीस लक्ष स्त्रियांनीं मत दिलें. ३९ स्त्रिया निवडून आल्या. हा मताधिकार विजेत्या अमेरिकनांनीं ताटांत वाढून दिला, असें पुष्कळदां म्हटलें जातें. तें पूर्ण खरें नाहीं. इचिकावा फुसाए यांनीं त्यासाठीं वीस वर्षांहून अधिक काळ झिजविला होता. त्यांच्या जोडीच्या ओकु मुमेओ यांची हकीकत तर मोठी बोलकी आहे. स्त्रियांना राजकीय सभेंत बसावयासहि बंदी करणारें जें कलम होतें तें बदलावें म्हणून १९२० च्या सुमारास त्या तान्हें मूल पाठीला बांधून आमदारांचे उंबरठे झिजवीत. तें कलम १९२२ सालीं बदललें. पाठीवरच्या त्या मुलाकडे पाहून कांहीं आमदारांचें मन द्रवलें असेल, कांहींना त्याचा उपद्रव वाटला असेल. पण बाई मूल घरीं ठेवून आली असती तर तिचें ऐकून घेतलें गेलें असतें कीं नाहीं, याची मला शंका आहे. एवढें खरें कीं, तो पहिला उत्साह लौकर ओसरला. १९४७ च्या निवडणुकींत ३९ च्या जागीं १५ च स्त्रिया आल्या, आणि १९४६ चा आकडा ओलांडला गेला तो थेट २००५ सालीं.

नव्या राज्यघटनेचा मसुदा अमेरिकन अधिकाऱ्यांनीं १९४६ च्या फेब्रुवारींत अवघ्या आठनऊ दिवसांत तयार केला. स्त्रियांच्या हक्कांचीं कलमें लिहिण्याचें काम ज्या व्यक्तीकडे आलें ती बेआते सिरोटा नांवाची बावीस वर्षांची तरुणी होती. तिचा जन्म व्हिएन्नाचा. वडील नामांकित पियानोवादक. त्यांची नेमणूक टोकियोस झाल्यामुळें तिचें बालपण तेथेंच गेलें. घरीं येणाऱ्याजाणाऱ्या बायकांकडून लादलेलीं लग्नें, सवती आणि सासुरवास यांच्या कथा ऐकत ती वाढली होती. तिनें जीपगाडींतून शहरभर हिंडून ग्रंथालयांतून निरनिराळ्या देशांच्या घटना गोळा केल्या आणि लिहावयास बसली. विवाह हा केवळ स्त्रीपुरुष उभयतांच्या संमतीनें व्हावा आणि पतिपत्नींचे हक्क समान असावेत, हें आजचें २४ वें कलम त्या लेखणींतून उतरलें. पण तिनें आणखीहि पुष्कळ लिहिलें होतें. गर्भवती स्त्रिया व तान्ह्या मुलांच्या माता यांना, त्या विवाहित असोत वा नसोत, सरकारनें साह्य करावें. विवाहबाह्य संततीला कायद्यानें हीन लेखूं नये. शाळेंतील मुलांचे दांत-डोळे फुकट तपासले जावेत. वरिष्ठांनीं हा सारा भाग घटनेंत न शोभणारा तपशील म्हणून खोडून टाकला. तिला रडूं कोसळलें, असें तिनेंच पुढें अनेक वर्षांनीं सांगितलें आहे.

माझ्या मतें या फेब्रुवारींत जें झालें त्याची छाया पुढच्या तीस वर्षांवर पडली. पत्नीचे हक्क घटनेंत राहिले. आईची तरतूद बाहेर गेली. पत्नी कायद्यानें स्वतंत्र झाली, पण मूल सांभाळण्याचा भार कोणी, किती आणि कोणाच्या साह्यानें उचलावयाचा, याबद्दल घटना मुकी राहिली. १ जानेवारी १९४८ पासून नवा दिवाणी कायदा आला, कुटुंबप्रमुखाची सत्ता गेली, मुलांवर आईबापांचा समान अधिकार झाला. व्यभिचाराचें तें एकांगी कलम त्याआधींच १९४७ च्या ऑक्टोबरांत रद्द झालें होतें. एक गोष्ट मात्र राहून गेली. पतिपत्नींचें आडनांव एकच असलें पाहिजे, हा दंडक कायम राहिला. दोघांपैकीं कोणाचेंहि चालेल असें कायदा म्हणतो. घेतलें जातें तें बहुतेक वेळां नवऱ्याचें. २०१५ आणि २०२१ अशा दोन वेळां तेथील सर्वोच्च न्यायालयानें हा दंडक घटनेस धरून आहे, असाच निकाल दिला.

घटनेंतून खोडलेल्या गोष्टींतील कांहीं साध्या कायद्यांच्या वाटेनें मागाहून आल्या. १९४७ च्या कामगार कायद्यानें प्रसूतीच्या आधीं व नंतर सहा सहा आठवड्यांची रजा आणि तान्ह्या मुलाला पाजण्यासाठीं दिवसांतून दोनदां अर्धा अर्धा तास दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बालकल्याण कायदा झाला. आणि १९४८ सालीं आपली ती ओळखीची वही पुन्हां दिसूं लागली. आतां तिचें नांव होतें 'आई-मूल पुस्तिका'. युद्धासाठीं काढलेली वही शांततेच्या कामीं लागली. गर्भ राहिल्यापासून मूल शाळेंत जाईपर्यंतची तपासणी, वजन, उंची, टोंचलेल्या लसी, इतकेंच नव्हे तर दुधाच्या भुकटीचा मिळालेला शिधाहि तींत लिहिला जाई. ही वही दवाखान्यांत न ठेवतां आईच्या घरीं ठेवावयाची, ही त्यांतली खरी मेख. त्या काळीं शंभरांतील पंच्याण्णव बाळंतपणें घरींच, सुईणीच्या हातून होत. सुईण आली कीं वही पुढें ठेवावयाची, डॉक्टराकडे गेलें कीं तीच वही न्यावयाची. आपल्या मुलाची इत्थंभूत लेखी माहिती आपल्या हातीं असणें ही गोष्ट लिहितांवाचतां येणाऱ्या त्या मातांना मोठें बळ देऊन गेली. १९४७ सालीं जन्मणाऱ्या हजार मुलांपैकीं शहात्तरांहून अधिक मुलें वर्षाच्या आंत दगावत. १९६० सालीं हें प्रमाण एकतीसाच्या आंत आलें आणि १९७० सालीं तेरांवर. हें सारें त्या वहीचेंच श्रेय असें मी म्हणणार नाहीं. अन्न, औषधें आणि स्वच्छ पाणी यांचा वांटा त्यांत मोठा आहे. पण पुढें इंडोनेशियासारख्या देशांनीं ही वही आपलीशी केली, ती उगाच नव्हे.

युद्धावरून पुरुष परत आले आणि घरोघर पाळणे हलूं लागले. १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत दरवर्षीं सुमारें सत्तावीस लक्ष मुलें जन्मलीं. इतक्या तोंडांना घालावयास देशांत अन्न नव्हतें. संततिनियमनासाठीं कातो शिझुए या बाईंनीं युद्धापूर्वींपासून झुंज दिली होती. त्यापायीं १९३७ सालीं अटकहि सोसली होती. त्याच दशकांत मुंबईंत रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकांतून हाच विषय मांडून कोर्टाच्या पायऱ्या चढत होते, हें आपणांस स्मरत असेल. कातोबाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४७ सालीं मांडलेलें विधेयक बारगळलें. १९४८ सालीं जो कायदा झाला त्यानें गर्भपातास वाट करून दिली, आणि १९४९ च्या दुरुस्तीनें आर्थिक हलाखी हेंहि त्याचें कारण म्हणून मान्य झालें. परिणाम असा झाला कीं, १९५७ सालापर्यंत वर्षाचे जन्म पंधरा-सोळा लक्षांवर उतरले. इतक्या थोड्या वर्षांत इतकी उतरण दुसऱ्या फारच थोड्या देशांनीं पाहिली असेल. लोकसंख्येचे पंडित या आंकड्यांचें कौतुक करतात. पण १९५५ सालीं नोंदलेले गर्भपात ११ लक्ष ७० हजार होते आणि जन्म १७ लक्ष ३० हजार. म्हणजे दर तीन जन्मांमागें दोन गर्भपात! ही उतरण बायकांनीं आपल्या देहावर सोसून घडविली. गर्भनिरोधक गोळीला तेथें मान्यता मिळाली ती १९९९ सालीं. शिवाय याच कायद्याच्या पोटांत एक भयंकर गोष्ट दडलेली होती. आनुवंशिक व्याधि, मनोदौर्बल्य अशीं कारणें दाखवून सुमारें पंचवीस हजार माणसांची प्रजननशक्ति शस्त्रक्रियेनें नष्ट करण्यांत आली. त्यांपैकीं सोळा हजारांहून अधिकांची संमति घेतलेली नव्हती. तीं कलमें १९९६ सालीं काढलीं गेलीं, आणि तो कायदा मुळांतच घटनाबाह्य होता असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें दिला तो २०२४ च्या जुलैंत. तोंवर त्यांतले कितीतरी पीडित वृद्ध होऊन गेले होते.

मुलें वाढविण्याच्या जपानी रीतीकडे आतां जरा निवांतपणें पाहूं. मूल पाठीला बांधून काम करणें ही तेथील जुनी चाल. थंडींत आई आणि पाठीवरचें मूल या दोघांवर मिळून एकच कापूस भरलेला रुंद अंगरखा घालीत. वरून दोन डोकीं तेवढीं दिसत. रात्रीं आईबापांच्या मध्यें मूल निजे. नदी या अर्थाचें जें त्यांचें अक्षर आहे त्यांत तीन उभ्या रेघा असतात, मधली आंखूड. म्हणून त्या निजण्याला 'नदीच्या अक्षरासारखें निजणें' असें म्हणत. आपल्याकडील घरांतहि हें चित्र परकें वाटणार नाहीं. युद्धानंतर पाश्चात्य शास्त्राचा वारा आला. मुलाला घड्याळ लावून तीन तीन तासांनीं पाजावें, रडलें कीं लगेच उचलूं नये, नाहींतर 'कडेवरची खोड' लागते, असा उपदेश डॉक्टर आणि मासिकें करूं लागलीं. सुनेच्या हातीं मासिक, सासूच्या तोंडीं परंपरा आणि मधें रडणारें मूल, असा प्रसंग घरोघर घडूं लागला. क्योटोचे बालवैद्य मात्सुदा मिचिओ यांचा बालसंगोपनावरील जाडजूड कोश १९६७ सालीं निघाला आणि घरोघर गेला. घड्याळाकडे पाहण्यापेक्षां आपल्या मुलाकडे पाहा, दुसऱ्याच्या मुलाशीं तुलना करूं नका, असा त्यांचा सूर होता. पन्नास मुलांच्या वर्गाला एकाच छडीनें हांकण्याची रीत मीं पाहिलेली आहे, म्हणून या वैद्याबद्दल मला विशेष आदर वाटतो.

खेड्यांतली सून मात्र मासिक वाचावयासहि मोकळी नसे. पहाटे सर्वांच्या आधीं उठावें, मातीच्या सखल भुईवरील चुलीपुढें धुरांत वांकून भात शिजवावा, दिवसभर भाताच्या खाचरांत राबावें, आणि न्हाणींत सर्वांच्या शेवटीं उतरावें, हा तिचा दिनक्रम. १९४८ पासून शेतीखात्यानें खेड्यांतील घरसुधारणेसाठीं शिकलेल्या तरुणी नेमल्या. हिरव्या सायकलींवरून त्या गांवोगांव हिंडत. त्यांनीं पहिला हात घातला तो चुलीला. धुराडें असलेली, उभ्यानें रांधतां येईल अशी चूल घरोघर बांधवून घेतली. चूल बदलली तर सुनेचा तास दीड तास वांचे, डोळे वांचत. आणि चुलीची चर्चा करावयाच्या निमित्तानें सुना एकत्र जमत, ही त्याहून मोठी गोष्ट होती. शहरांत विजेवर भात शिजविणारें भांडें १९५५ च्या डिसेंबरांत बाजारांत आलें. तें ज्या कारखानदारानें बनविलें त्या मिनामि योशितादा यांना स्वयंपाकांतलें कांहीं कळत नव्हतें. त्यांच्या पत्नी फुमिको यांनीं रात्रंदिवस, थंडीवाऱ्यांत, हरतऱ्हेनें भात शिजवून उष्णतामान टिपून ठेवलें, तेव्हां कोठें तें यंत्र जमलें.

आतां मला जें मुख्यतः सांगावयाचें आहे तें सांगतों. जपानी स्त्री युद्धानंतर रस्त्यावर आली ती बहुतेक वेळां आई म्हणून. १९४८ सालीं शिध्यावर मिळणाऱ्या आगपेट्यांतील काड्या पेटेनात. मूल भुकेनें रडतें आहे आणि चूल पेटत नाहीं! ओकु मुमेओ यांच्या पुढाकारानें बायका न पेटणाऱ्या काड्यांचा ढीग घेऊन सभेला जमल्या आणि अधिकाऱ्यांना जाब विचारूं लागल्या. त्यांतून गृहिणींची मोठी संघटना उभी राहिली. भात वाढण्याचा लांकडी उलथना ही तिची खूण. १९५४ च्या मार्चांत बिकिनी बेटापाशीं झालेल्या अमेरिकन अणुस्फोटाची राख एका जपानी मासेमारी जहाजावर पडली आणि मासे खाण्याची धास्ती देशभर पसरली. टोकियोच्या सुगिनामि भागांतील गृहिणींनीं घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. पुढील वर्षाच्या ऑगस्टापर्यंत देशांत तीन कोटींवर सह्या झाल्या. १९५५ च्या जूनमध्यें टोकियोस मातांची पहिली परिषद भरली, तेव्हां व्यासपीठावरील भाषणांपेक्षां आपलीं दुःखें सांगतां सांगतां रडणाऱ्या बायकांचीच चर्चा अधिक झाली. वर्तमानपत्रांनीं तिची 'अश्रूंची परिषद' म्हणून थट्टाहि केली. थट्टा करणाऱ्यांनीं आंतलें बोल नीट ऐकले नाहींत.

त्याच वर्षींच्या उन्हाळ्यांत ओकायामा भागांतील तान्हीं मुलें एकाएकीं आजारी पडूं लागलीं. ताप, पोट फुगलेलें, अंग काळवंडलेलें. ऑगस्टांत तेथील डॉक्टरांनीं कारण शोधून काढलें : मोरिनागा कंपनीच्या एका कारखान्यांतील दुधाच्या भुकटींत, तिच्यांत मिसळलेल्या एका रसायनावाटे, सोमल गेला होता. बारा हजारांहून अधिक मुलें बाधित झालीं, १३० वर दगावलीं. वर्षभरांत तज्ज्ञांनीं पाहणी करून मुलें बरीं झालीं असें जाहीर केलें, थोडी नुकसानभरपाई वांटली गेली आणि प्रकरण मिटलें. मिटलें नाहीं तें आयांच्या मनांत. अंगावर दूध नव्हतें म्हणून, किंवा मूल गुटगुटीत व्हावें म्हणून, त्यांनीं स्वतःच्या हातानें बाटली भरून पाजली होती. मूल तोंड फिरवीत होतें, तरी पाजली होती. विष कारखान्यानें घातलें, परंतु अपराधी वाटत राहिलें तें आईला. आणि पांगळें, मंद झालेलें मूल घेऊन ती घरांत गप्प बसली. चौदा वर्षांनीं, १९६९ सालीं, ओसाका विद्यापीठांतील प्राध्यापक मारुयामा हिरोशि आणि त्यांच्या प्रेरणेनें आरोग्यसेविका व शाळांतील परिचारिका अशा मुलांच्या घरीं गेल्या. काय झालें होतें तें त्यांनीं आयांना नुसतें विचारलें. चौदा वर्षांत तसें कोणी विचारलेंच नव्हतें. त्या भेटींच्या अहवालानें देश हादरला, प्रकरण पुन्हां उभें राहिलें, आणि १९७३ सालीं कंपनी, सरकार व पालक यांच्यांत करार होऊन पीडितांच्या आजन्म साह्याची व्यवस्था झाली.

१९६० सालीं पोलिओची सांथ आली. ५,६०६ रोगी नोंदले गेले. तोंडावाटे द्यावयाची जिवंत लस रशियांत तयार होती; पण शीतयुद्धाचे दिवस, परवाने आणि तपासण्या यांत ती अडकली. मुलांना पाठीशीं, कडेवर घेऊन आया आरोग्यमंत्रालयाच्या दारांत जाऊन बसल्या. अखेर १९६१ च्या जूनमध्यें आरोग्यमंत्री फुरुइ योशिमि यांनीं सारी जबाबदारी आपल्या शिरावर घेऊन रशिया व कॅनडा येथून एक कोटि तीस लक्ष मात्रा मागविल्या. सांथ झपाट्यानें ओसरली. मूल पाठीवर घेऊन आलेल्या बाईला दाराबाहेर काढणें कोणत्याहि शिपायाला अवघड जातें, हें ओकुबाईंना १९२० सालीं ठाऊक होतें. आतां तें साऱ्या देशाला कळलें.

पण ज्या मातृत्वानें तिला दारांतून बाहेर आणलें त्यानेंच तिला पुन्हां आंत कोंडलें. १९५५ सालीं सरकारी गृहनिर्माण संस्था निघाली आणि शहरांबाहेर सिमेंटच्या चाळी उभ्या राहूं लागल्या. दोन खोल्या, जेवणासकट स्वयंपाकघर, चकचकीत पोलादी मोरी, आणि दाराला किल्लीचें कुलूप. धुण्याचें यंत्र आलें, शीतकपाट आलें, टेलिव्हिजन आला. 'घर आहे, मोटार आहे, म्हातारी नाहीं', असा नवरा पाहावा ही साठीच्या दशकांतील मुलींची थट्टेची म्हण. सासुरवास सुटला हें खरें. पण पाठीवरचें मूल घटकाभर घ्यावयास म्हातारी उरली नाहीं हेंहि तितकेंच खरें. नवरा रात्रीं उशिरां येणार, आणि बाई मुलासह दिवसभर त्या कुलपाआड. त्यांत १९६१ पासून तीन वर्षांच्या मुलांची आरोग्यतपासणी सुरू झाली, आणि तीन वर्षांचें होईपर्यंत मुलाला आईनेंच सांभाळलें पाहिजे, नाहींतर त्याची वाढ बिघडते, हा समज शास्त्राचा आधार असल्यासारखा पसरला. लग्न झालें कीं मुलीनें नोकरी सोडावी अशी अटच कित्येक कारखाने घालीत. अशी अट बेकायदा होय, असा निकाल टोकियोच्या न्यायालयानें १९६६ च्या डिसेंबरांत दिला. नोकरी करणाऱ्या माता 'टपालपेट्या असतील तितकीं पाळणाघरें द्या' अशी घोषणा देत होत्या. पण पाळणाघरांत मूल ठेवणारी आई निष्ठुर, ही कुजबूज त्या घोषणेहून मोठी होती.

तीन वर्षांच्या त्या समजुतीला पुरेसा शास्त्रीय आधार नाहीं, असें खुद्द जपानच्या आरोग्यमंत्रालयानें लिहून प्रसिद्ध केलें तें १९९८ सालीं. तोपर्यंत त्या कुलपाआड वाढलेलीं मुलें स्वतः आईबाप झालीं होतीं.

आणि ती वही? १९६५ च्या कायद्यानें तिचें नांव 'आई-मूल आरोग्यपुस्तिका' झालें, आणि आजहि गर्भवतीच्या हातीं ती पडते. वडिलांनाहि तींत स्थान असावें म्हणून ओकायामासारख्या शहरानें तिच्या वेष्टनावर 'पालक-बालक पुस्तिका' असें छापावयास सुरुवात केली आहे. कायद्यांत मात्र 'माता' हा एकच शब्द कायम आहे.